वासराचा आकडा

शिरीषदादा,

मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर दोन पानं हवीत म्हणून मला तीनदा फोन आले. तू कुठे जन्मलास, कोणत्या कॉलेजात जनावरांची डॉक्टरी शिकलास, अमेरिकेत कधी आलास, हे सगळं तुझा मेहुणा लिहून देणार आहे. व्यवस्थित लिहील तो, फोटोसकट. मला तसलं जमणार नाही. मला तुझ्याशीच बोलायचंय, आणि खरं सांगू, त्याचीही भीती वाटतेय. तू गेल्याला दोन महिने झाले. या दोन महिन्यांत मी रडले थोडी आणि घाबरले जास्त. रडताना दिसलं की लोक येऊन पाठीवर हात ठेवतात. घाबरलेय हे कुणाला सांगायचं?

तर तुलाच सांगते. आणि कशाची भीती ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तू 'मुद्द्यावर ये, नागपूर' म्हणणार नाहीस. तुझा आजार कुणाच्याही लक्षात यायच्या सात महिने आधी तुझ्या रक्तातला एक आकडा मी पाहिला होता. पाहिला, हसले, आणि वहीत त्याच्यापुढे 'बाद' लिहिलं. हे मला मीनलवहिनींना सांगायचं होतं आणि माझी जीभ उचलत नव्हती.

मेन राज्यातल्या त्या गावात मराठी घर एकच होतं, तुमचं. मी तुझ्या लॅबमध्ये कामाला आले तेव्हा जानेवारी होता. विमानतळावर तू मला घ्यायला आलास तो हातात दुसरं जॅकेट घेऊनच. म्हणालास, "नागपूरची माणसं उन्हाची तयारी करून येतात, मला माहितेय." मला राग आला, पण जॅकेट घातलं. पुढची तीन वर्षं दर रविवारी मी तुमच्याकडे जेवले. तुमची सई तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती आणि मला 'आत्या' म्हणायला तूच शिकवलंस. एकदाही मला असं वाटू दिलं नाहीत की ही आज पुन्हा आली. हे मी कधी बोलले नाही तुझ्याजवळ. बोलायला हवं होतं.

माझी आई अजून फोनवर विचारते, "मूस म्हणजे नेमकं काय गं?" मी सांगते, हरणाच्या जातीतलंच, पण म्हशीच्या धडाला उंटाचे पाय लावल्यासारखं. ती म्हणते, "आणि त्याचं रक्त काढायला तुला एवढं शिकवलं होय!" एकदा फोन तू ओढून घेतलास आणि तिला म्हणालास, "काकू, रक्त मी काढतो, ही नुसत्या नळ्या धरते, काळजी करू नका." मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते.

पण खरंच, पहिल्या दिवशी मी नळ्यासुद्धा धरू शकले नाही. हेलिकॉप्टरमधून जाळं टाकून मूस पाडलेली, डोळ्यांवर पट्टी बांधलेली, आणि आपण गुडघाभर बर्फातून पळत तिच्यापाशी पोचलो. मी वाकले आणि तिनं मान झटकली. मी मागच्या मागे बर्फात. तू मानेजवळ बसून सुई लावत होतास, वळूनही पाहिलं नाहीस. नुसतं ओरडलास, "काय करून राहिली गं तू? बसून राहिली का?" माझ्याच बोलीत मला चिडवायचं, तेही अशा वेळी! उठले मी, रागाच्या भरात उठले. परत येताना ट्रकमध्ये तू थर्मासमधला चहा मला आधी दिलास आणि म्हणालास, "मीही पहिल्यांदा पडलो होतो. कुणाला सांगू नकोस."

थंडी अशी असायची की नळीतलं रक्त बघता बघता गोठायचं, आणि गोठलं की वाया. म्हणून वहिनींनी तुझ्या एका बंडीला आतून बारा अरुंद खिसे शिवून दिले होते. जॅकेट, त्याच्या आत स्वेटर, त्याच्या आत बंडी, आणि बंडीत बारा नळ्या. मग तुला कमरेत वाकता यायचं नाही. ट्रकमध्ये चढवायला मी आणि पायलट तुला दोन्ही बाजूंनी उचलायचो, आणि तू नव्या नवरीसारखा लाजल्याचं सोंग करायचास. किती हसायचो रे आपण. आता ते हसणं आठवलं की मला कसंतरी होतं.

काम काय होतं, तर रानातल्या मूसच्या रक्तातली एन्झाइम्स मोजायची आणि ती वयाप्रमाणे कशी बदलतात ते बघायचं. वय कळायला दात लागतो. खालचा एक बारका दात काढून, कापून, झाडाच्या खोडासारखी त्यातली वर्तुळं मोजायची. तुला ते आवडायचं नाही. "आधीच बिचाऱ्याच्या अंगावर आभाळातून जाळं पडलंय, वर आपण दात काढून घ्यायचा," म्हणायचास. दाताऐवजी रक्तावरून वय सांगता आलं पाहिजे, हा तुझा ध्यास. म्हणून तुझा सगळा जीव एका एन्झाइमवर: अल्कलाइन फॉस्फटेज. हाडं वाढत असली की ते रक्तात भरपूर सापडतं, वाढ थांबली की उतरतं. वासरांचा आकडा कायम वर, दोन-तीन वर्षांच्या जनावरांचा मध्ये, म्हाताऱ्यांचा तळाशी. आपण इतक्या नळ्या बघितल्या होत्या की कागदावर मोठा आकडा दिसला रे दिसला की दोघांच्या तोंडून एकदम निघायचं, "वासरू!"

आणि मग ती म्हातारी मूस. आपलं एकमेव खरं भांडण तिच्यावरून झालं. दात झिजून हिरड्यांना टेकलेले, एक कान फाटका, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, आणि फॉस्फटेज मात्र वासराचं. मी म्हटलं, नळी बदलली असणार, काढून टाक तिला, ग्राफची वाट लागतेय. तू म्हणालास, "लागू दे. म्हाताऱ्या जनावराचा आकडा असा चढला तर ते आजारी असू शकतं. लिव्हर असेल, हाडं असतील. त्याला तोंड नाही गं, रक्तावरूनच कळणार आपल्याला." मी म्हटलं, "तुला प्रत्येक चुकलेल्या नळीत गोष्ट दिसते." तू म्हणालास, "आणि तुझं रविवारचं जेवण बंद." वर्षभर ते चाललं. मी म्हातारीला फाइलमधून काढायची, तू परत घालायचास. शेवटी ठरलं काहीच नाही.

आता ते सांगते, ज्यासाठी बसलेय.

आपल्या लॅबमध्ये एक जुनी रीत होती. मशीनच्या रसायनाची नवी पेटी उघडली की एखाद्या धडधाकट माणसाचं रक्त लावून बघायचं. माणसाचा आकडा ठरलेल्या मर्यादेत आला की पेटी ठीक. माझी शीर पटकन सापडत नाही आणि मी सुई बघून कुरकुर करते, म्हणून धडधाकट माणूस कायम तूच. दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत नवी पेटी आली तेव्हाही तूच बाही वर केलीस. मी रक्त काढलं, मशीनवर फिरवलं, वरचं पिवळं पाणी वेगळं केलं आणि ट्रेमध्ये अकरा वासरांच्या नळ्यांबरोबर तुझी बारावी लावली. कागद छापून आला. तुझ्या नावापुढचा आकडा वासरांच्या रांगेत शोभेल असा.

मी काय म्हणाले ते मला शब्द न् शब्द आठवतं. "बाप्पा! दादा, तू तं वासरूच निघाला!"

तू सेहेचाळीस वर्षांचा. पुढून केस गेलेले. कागद हातात घेऊन हसलास. म्हणालास, "बघ, माझी उंची अजून वाढतेय. मीनलला दाखवतो." मी धरून चालले की नळ्या लावताना एका वासराची आणि तुझी अदलाबदल झाली. दुसऱ्या दिवशी कुरकुर करत माझं रक्त दिलं, ते मर्यादेत आलं, पेटी पास झाली. वहीत मी लिहिलं: 'शिरीषचा नमुना, अदलाबदल, बाद.' त्याच्या खाली तू सही केलीस. शंका आली की नळी पुन्हा लावायची, हे आपण नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी शिकवतो. मी लावली नाही. तुझं उरलेलं पाणी पुढच्या आठवड्यापर्यंत फ्रीजमध्ये होतं. मग मीच सफाईत टाकून दिलं.

उन्हाळ्यात तुझी पाठ दुखायला लागली. तू म्हणायचास, बर्फात ओझी उचलून धरलीय. मी तुला नागपूरहून आणलेलं तेल दिलं. तेल! सप्टेंबरात तू जिना चढताना मध्येच बसलास, आणि मग एकामागून एक तपासण्या. कॅन्सर हाडांपर्यंत पोचला होता. मोठं हॉस्पिटल जवळ म्हणून वहिनी तुला आणि सईला घेऊन दुसऱ्या राज्यात, श्रूजबरीला त्यांच्या भावाकडे गेल्या. तुमचं घर सामान बांधताना मी तिथेच होते. सईनं मला विचारलं, "आत्या, आर वी कमिंग बॅक?" मी म्हटलं, हो तर!

श्रूजबरीच्या घरात फ्रीजवर वहिनींनी एक कागद लावला होता. दर पंधरवड्याची तारीख आणि पुढे तुझा फॉस्फटेज. ज्या बाईनं कधी सायन्स घेतलं नाही, तिला त्या शब्दाचं स्पेलिंग पाठ झालं. आकडा उतरला की त्या दिवशी घरात शिरा. चढला की कुणी काही बोलायचं नाही. तुला फोन केला की मी आधी विचारायची, "शिरा की काय?" आणि तू म्हणायचास, "आज वरण-भात." ते ऐकूनही अजून मला वहीची आठवण झाली नव्हती. विश्वास ठेव, खरंच झाली नव्हती.

झाली ती डिसेंबरात. वर्षाचे आकडे एकत्र करायला वही उघडली, एकटीनंच. 'अदलाबदल' वाचलं, आणि दुरुस्ती करावी म्हणून बघायला लागले की कोणत्या वासराच्या नावावर तुझा आकडा गेलाय. पहिलं वासरू, वर. दुसरं, वर. तिसरं, वर. बोट ठेवून ठेवून अकराही बघितली. अदलाबदल झाली असती तर कुठल्यातरी एका वासरापुढे माणसाचा, खालचा आकडा असायला हवा होता. एकही नव्हता. नळ्या बदललेल्याच नव्हत्या, दादा. तो आकडा तुझाच होता.

वही बंद केली, जागेवर ठेवली, वरून दुसरी वही ठेवली. दोन दिवस फ्लू झालाय सांगून घरी बसले. फोन वाजला की वाटायचं, कळलं कुणालातरी. कुणाला कळणार होतं? वही बघणारी माणसं दोनच, एक मी आणि एक तू.

मार्चमध्ये तुला भेटायला आले ती हे सांगायलाच. पाच तास गाडी चालवत वाक्य तयार केलं होतं. बैठकीत खिडकीशी तुझा पलंग, तू निम्मा झालेला. माझी सगळी वाक्यं गेली. मी हवेचं बोलले, बर्फाचं बोलले, नव्या पायलटची नक्कल करून दाखवली. मग तूच विचारलंस, "म्हातारीचं काय केलंस गं?" मी म्हटलं, "ठेवली." खोटं बोलले. मी तिला ऑक्टोबरातच फाइलमधून काढून टाकलं होतं, तू भांडायला नव्हतास म्हणून. तू म्हणालास, "शहाणी आहेस," आणि माझ्याकडे बघत राहिलास. बराच वेळ. मग सई आत आली आणि तू तिला गृहपाठाचं विचारायला लागलास.

त्या बघण्यानं माझी झोप घालवलीय. एका रानातल्या म्हातारीच्या आकड्यासाठी तू माझ्याशी वर्षभर भांडलास. म्हाताऱ्या जनावराचा आकडा चढला तर ते आजारी असू शकतं, हे मला तूच शिकवलंस. मग स्वतःच्या आकड्यावर हसून सही कशी केलीस? माझ्यावर विश्वास होता म्हणून? की मनात पाल चुकचुकली आणि घाबरलास, म्हणून 'अदलाबदल' हा शब्द तुला बरा वाटला? सुई जनावराला टोचताना तुझा हात कधी हलला नाही, पण स्वतःसाठी डॉक्टरकडे जायचं म्हटलं की तुझी शंभर कामं निघायची, हे वहिनींनाही माहीत आहे. मला उत्तर हवंय असंही नाही. दोन्ही उत्तरांची मला भीतीच वाटते.

तू गेलास त्यानंतरच्या सोमवारी मी म्हातारीला ग्राफमध्ये परत घातलं. उशिरा सुचलेलं शहाणपण, दुसरं काय.

वहिनींना सांगायचं मात्र राहिलं. दहाव्याला सांगेन म्हटलं, तिथे माणसं होती. पत्र लिहिलं, फाडलं. कुणा डॉक्टर मित्राला आडून विचारलं, सहा-सात महिने आधी कळलं असतं तर? तो म्हणाला, "सांगता येत नाही, कदाचित फरक पडला नसता." कदाचित! या शब्दाचा मला इतका राग येतो. कदाचित पडलाही असता.

आणि मग मे महिन्यातल्या लाँग वीकेंडचा शुक्रवार. दुपारी साडेतीनला वहिनींचा फोन. आवाज इतका बारीक की आधी मला ओळखूच आला नाही.

"अर्चू, सईला समर कॅम्पसाठी डॉक्टरांची फिजिकल तपासणी लागते ना. डॉक्टर म्हणाल्या, वडिलांची हिस्टरी आहे तर रक्तही बघून घेऊ. रिपोर्ट आत्ता टपालात आला."

"मग?"

"एका ओळीपुढे एच छापलंय. हाय."

"कुठल्या ओळीपुढे?"

"तुला माहितेय कुठल्या." मग त्या एका दमात म्हणाल्या, "ऑफिस आज लवकर बंद झालंय, सोमवारी सुट्टी, आता मंगळवारी उघडणार. चार दिवस कशी काढू मी? तुला यातलं कळतं. तूच सांग, हे तेच आहे का?"

दादा, सई बारा वर्षांची. बाराव्या वर्षी पोरी भराभर वाढतात, आणि हाडं वाढताना हा आकडा चढतोच, वासरांचा चढतो तसा. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं: वहिनी, वाढतं वय आहे, काही नाही. पण हेच उत्तर मी एकदा देऊन बसले होते. तुझ्या कागदाकडे बघून, हसत. आणि आता तुझ्या मुलीच्या कागदाबद्दल, तो न बघता, फोनवर, तेच म्हणू? आणि पुन्हा चुकले तर? मी म्हटलं, "वहिनी, मी उद्या येते." त्या म्हणाल्या, "म्हणजे काहीतरी आहे," आणि फोन ठेवला.

शनिवारी पहाटेच निघाले. हायवेवर 'मूस रस्ता ओलांडतात' अशा पिवळ्या पाट्या, आणि माझं डोकं एकाच गोष्टीभोवती फिरतंय. आधी धीर दिला आणि मग वहीचं सांगितलं, तर त्या म्हणतील, हिचं तेव्हाही असंच चुकलं होतं, आताही चुकत असेल. त्यांचा जीव आणखी टांगणीला. वहीचं सांगितलंच नाही, तर त्या माझ्यावर विश्वास ठेवतील, जसा तू ठेवलास. ते तर आणखी भयंकर. एका पेट्रोल पंपावर थांबून मी परत फिरायचाही विचार केला. वहीच्या पानाची झेरॉक्स पर्समध्ये होती. ती घेऊन आले होते म्हणजे ठरवलंच होतं म्हणायचं.

दार सईनं उघडलं. मेन सोडताना माझ्या खांद्याला लागायची, आता कानाला लागतेय. पायजमा घोट्याच्या वर वीतभर. "हाय आत्या. आई क्राय करतेय. डोन्ट से आय टोल्ड यू," ती कुजबुजली आणि वर पळाली.

वहिनींनी रिपोर्ट ओट्यावर ठेवला. मी बघितला. लिव्हरच्या बाकीच्या ओळी सरळ होत्या. फॉस्फटेजचा आकडा चढलेला, आणि त्याच्या उजवीकडे जी मर्यादा छापली होती ती मोठ्या माणसांची होती. बारा वर्षांच्या मुलीला ती लावायचीच नसते. मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. आणि लगेच वाटलं, थांब बाई, अशीच तू मागे सुटली होतीस.

"काय?" वहिनींनी विचारलं. "तुझ्या चेहऱ्यावर काय आलं आत्ता?"

"सांगते. पण त्याआधी एक दुसरं सांगायचंय. ते ऐकलं की मग ठरवा, माझं ऐकायचं की नाही."

झेरॉक्स काढली. सगळं सांगितलं, नवी पेटी, तुझी बाही, अकरा वासरं, मी काय म्हणाले ते. नळी पुन्हा लावली नाही तेही. त्या उभ्याच होत्या. कागदावरच्या तुझ्या सहीवर त्यांनी बोट ठेवलं आणि तिथेच राहू दिलं.

"हसत म्हणालीस?"

"हो."

"आणि शिरीष?"

"तोही हसला."

"घरी आल्यावर सांगितलं होतं त्यानं," वहिनी म्हणाल्या. "जेवताना. आज मी वासरू ठरलो म्हणाला. आम्ही पण हसलो. सई आठवडाभर त्याच्यामागे हंबरत फिरत होती." मला वाटलं त्या रडतील. रडल्या नाहीत. माझ्याकडे सरळ बघून म्हणाल्या, "पण अर्चू, आम्हाला त्याचा अर्थ माहीत नव्हता. तुला माहीत होता."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आता सईचं सांग."

"मला वाढीचंच वाटतंय. ही मर्यादा मोठ्यांची छापलीय, मुलांची वेगळी असते. पण वहिनी, माझ्या म्हणण्यावर जाऊ नका. मंगळवारी रक्त पुन्हा घ्यायला लावा. आणि डॉक्टरांना विचारा, हे हाडातून येतंय की लिव्हरमधून, ते वेगळं काढता येतं. ते हातात येईपर्यंत मी 'काही नाही' असं म्हणणार नाही."

मंगळवारपर्यंत मी तिथेच राहिले. त्यांनी जा म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही. चार दिवसांत माझ्याशी दहा वाक्यं बोलल्या असतील. ताटात वाढताना मात्र माझ्या भातावर तूप घालायला विसरल्या नाहीत. सई मजेत होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती मला सारखी तुझ्या गोष्टी विचारायची, बाबा बर्फात खरंच पडला होता का, मूसनं त्याला लाथ मारली होती का. मी सांगत होते आणि तिच्या लांब लांब हातांकडे बघत होते. रात्री पडल्या पडल्या तिचं एकेक हाड मनात मोजत होते.

मंगळवारी डॉक्टरांकडे मीही गेले. सुई बघून सईनं तोंड फिरवलं आणि माझा हात धरला. गंमत बघ, पोरगी कुरकुर करण्यात माझ्यावर गेलीय. डॉक्टर म्हणाल्या, बहुतेक वाढीचंच आहे, मर्यादा चुकीची छापली गेलीय. वहिनींनी शांतपणे सांगितलं, "बहुतेक नको. वेगळं काढून बघा." डॉक्टरांनी आमच्या दोघींकडे बघितलं आणि फॉर्मवर आणखी एक खूण केली. मी त्याच दुपारी परत निघाले. निघताना वहिनी दारापर्यंत आल्या नाहीत.

पुढचे तीन दिवस मी लॅबमध्ये एकही नळी हातात धरली नाही. नव्या मुलीला म्हटलं, आज तू लाव. तिला वाटलं मी तिची परीक्षा घेतेय.

शुक्रवारी फोन आला. "हाडातलंच आहे," वहिनी म्हणाल्या. "वाढीचं. वयाच्या मानानं अगदी बरोबर. डॉक्टर म्हणाल्या, उंच होणार बाबासारखी." मग त्या रडल्या. मीही. दोघी फोनवर नुसत्या रडत होतो, आणि मागे सई कुणाशीतरी इंग्रजीत भांडत होती.

मी म्हटलं, "वहिनी, ते वहीचं..."

"ते मला विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "मी तुला माफ केलंय की नाही मला माहीत नाही. माझ्या डोक्यात तो फेब्रुवारी रोज येतो आता, तू सांगितलं नसतंस तर आला नसता. पण एक ऐक. डॉक्टर दरवर्षी सईचं रक्त बघणार आहेत. प्रत्येक रिपोर्ट मी तुला पाठवणार. तू बघायचास, आणि काही वेगळं दिसलं तर तेव्हाच्या तेव्हा मला फोन करायचास. चूक वाटली तरी. वेड्यासारखं वाटलं तरी. आहे कबूल?"

मी हो म्हणाले, दादा. तुझी शपथ, आयुष्यात एवढी कधी घाबरले नव्हते.